उजवा वाचला ना?

पॅरालिसिसच्या पेशंटला भेटायला येणाऱ्यांची एक ठरलेली प्रश्नपत्रिका असते. झटका कधी आला, कुठल्या दवाखान्यात नेलं, खर्च किती आला, आणि शेवटचा कंपल्सरी प्रश्न : कुठली बाजू गेली? आमच्या आजीच्या बाबतीत उत्तर होतं, ‘डावी’. ते ऐकलं की समोरच्याचा चेहरा लगेच सैल व्हायचा. “उजवा वाचला ना? मग झालं तर! जेवता येईल, पूजा करता येईल, कुणावाचून अडायचं नाही.” मग चहा यायचा आणि विषय उसाच्या बिलावर जायचा.

मला या ‘मग झालं’बद्दलच लिहायचं आहे. कारण गेल्या दीड वर्षात फिजिओथेरपीच्या मॅडमकडून जे ऐकलं, हॉस्टेलवर रात्री बसून जे वाचलं आणि सुट्टीत घरी गेल्यावर जे पाहिलं, त्यावरून माझं स्पष्ट मत झालंय की आजीच्या डाव्या हाताचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तिचा तो वाचलेला उजवा हात. वाक्य विचित्र आहे, पण पुढे वाचा.

आधी थोडं बेसिक. मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती फुटली, की त्यापुढच्या भागाचा पुरवठा बंद होतो आणि तिथल्या पेशी मरतात. उजवा मेंदू डावी बाजू चालवतो, म्हणून उजवीकडे बिघाड झाला की डावा हात-पाय जातो. मेलेल्या पेशी परत जिवंत होत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्किटमधला जळालेला भाग बदलून मिळत नाही. शेजारच्या शाबूत भागाला ते काम शिकवावं लागतं. हे शिकवणं गोळीने होत नाही, मालिशच्या तेलाने तर नाहीच नाही (आमच्याकडे चार प्रकारची तेलं आली होती, त्यातल्या एकाचा वास अजून गोधडीला येतो). ते होतं फक्त करून. पुन्हा पुन्हा, स्वतः, जाणीवपूर्वक करून.

आणि इथेच उजवा हात आडवा येतो. झटक्यानंतर पहिले काही दिवस डावा हात काहीच करत नाही. माणूस प्रयत्न करतो, हात हलत नाही, पेला सांडतो, चारचौघांत लाज वाटते. उजव्याने केलं की काम लगेच होतं. मग मेंदू एक धडा पाठ करतो, की डावीकडे जायचंच नाही. पुढे दोन-तीन महिन्यांनी डाव्या हातात थोडी ताकद परत आलेली असते, पण तोवर सवय पक्की झालेली. हात आहे, थोडाफार चालू शकतो, तरी वापरात नाही.

ही कल्पना एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. त्याने माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. स्नायू शाबूत होते, तरी माकडं तो हात वापरेनाशी झाली. मग त्याने चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा तीच माकडं ‘गेलेला’ हात वापरू लागली! वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो सगळा आनंदाचाच नसतो. 1981 मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्याच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली, माकडांच्या हालांवरून खटला झाला, तो दोषी ठरला आणि पुढे अपिलात ते रद्द झालं. अमेरिकेतली प्राण्यांच्या हक्कांची चळवळ या खटल्यामुळे मोठी झाली. आजीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मुक्या जनावराचं पाप घेऊन आलेलं औषध आहे होय! मग वाया नको घालवायला.”

माणसांवरची मोठी चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं नाव ‘एक्साइट’. 222 पेशंट, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले. त्यांच्या चांगल्या हाताला जाड मिटन घालायचं, जागेपणीच्या नव्वद टक्के वेळ, सलग दोन आठवडे, आणि शिवाय रोज कित्येक तास कमजोर हाताकडून कामं करून घ्यायची. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचा हात जास्त सुधारला आणि वर्षभरानेही तो फरक टिकून होता. अट एकच, की मनगट आणि बोटं निदान थोडी तरी, दहा-एक अंश, स्वतःहून वर उचलता आली पाहिजेत. हात पूर्ण लुळा असेल तर याचा उपयोग नाही. आजीचं मनगट तेवढं उचलत होतं. मॅडमनी चक्क कंपासमधला कोनमापक लावून बघितलं.

या मॅडम तालुक्याहून आठवड्यातून दोनदा स्कूटीवर यायच्या. त्यांनी काकूला एक जुना हातमोजा आणायला सांगितला, आत कापूस भरला आणि आजीच्या उजव्या हातात घालून वर पट्टी बांधली. “आजी, आता दुपारपर्यंत सगळं डाव्याने करायचं.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं. चहा, पाणी, जेवण...”

आजीने मोजा काढून कॉटवर ठेवला. “बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण डाव्या हाताने घास मी घेणार नाही. मेले तरी नाही.”

आता हे एक्साइटच्या पेपरात कुठे लिहिलंय? तिथल्या पेशंटने काट्या-चमच्याने खाल्लं असेल, डाव्या हाताने किंवा उजव्या, कुणाला काय त्याचं. आमच्याकडे डाव्या हाताने जेवण नाही, तीर्थ नाही, कुंकू नाही, पैसे देणं-घेणं नाही. पंचाहत्तर वर्षं जो हात मागे ठेवायला शिकवला, त्याला एका सकाळी पुढे कर म्हणायचं! काका चिडले, “जीव महत्त्वाचा की सोवळं?” मला विचाराल तर काकांचा प्रश्नच चुकीचा होता. आजीला जेवताना अपमान वाटला असता तर दुसऱ्या दिवशी तिने मोजाच घातला नसता, आणि मग उपचार कुठला आणि काय कुठला.

मॅडमनी मात्र वाद घातला नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दहा मिनिटं नुसतं बघत राहिल्या. बाहेर आल्या त्या एक यादी घेऊनच. जेवणाआधी मोजा सुटायचा, पूजेलाही सुटायचा. बाकी वेळ डाव्या हाताची कामं : मटारच्या शेंगा पाटीतून उचलून सुपात टाकायच्या, लसणाच्या कुड्या एकेक करून डब्यात भरायच्या, वाळलेल्या कपड्यांचे चिमटे काढायचे, उशीचे अभ्रे ओढून सरळ करायचे, कोंबड्यांना दाणे टाकायचे. आणि संध्याकाळी मोजा काढून हरिपाठाला टाळ, कारण टाळाला दोन्ही हात लागतात आणि तिथे डाव्याला कुणी नावं ठेवत नाही. मला वाटतं रिहॅबिलिटेशनमधलं खरं कौशल्य हे आहे. संशोधन सांगतं काय करायचं, पण त्याचं रूपांतर लसणाच्या कुडीत कुणीतरी करावं लागतं.

घाईबद्दलही एक सांगते. आजी दवाखान्यात होती तेव्हा नातेवाइकांत दोन पार्ट्या होत्या. एक म्हणे पूर्ण विश्रांती द्या, दुसरी म्हणे आजच्या आज उभं करा. 2015 मध्ये ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, पाच देशांतले 2104 पेशंट. पहिल्या चोवीस तासांतच उठवून वारंवार चालवलं तर फायदा होईल अशी अपेक्षा होती. निघालं उलटंच : लवकर आणि जास्त उठवलेल्यांपैकी 46 टक्के तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत होते, नेहमीच्या पद्धतीत 50 टक्के. म्हणजे पहिल्या दिवशीचा अतिउत्साह नडतो. पण नंतर महिनोन्‌महिने पडून राहणं त्याहून नडतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं. दवाखान्यातून निघताना आम्हाला व्यायामाच्या चित्रांची एक झेरॉक्स मिळाली. इतकी पुसट, की चित्रातला माणूस हात वर करतोय की हाक मारतोय ते कळत नव्हतं!

असो. आता आपल्या विषयाकडे, म्हणजे मशीनकडे.

2009 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या काही संशोधकांनी एक साधं काम केलं. फिजिओथेरपीच्या 312 सेशनमध्ये बसून पेशंटच्या हालचाली मोजल्या. हाताच्या कामाच्या हालचाली एका सेशनमध्ये सरासरी किती भराव्यात? फक्त 32. प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसायला रोज शेकड्यांनी आवर्तनं लागतात, आणि इथे बत्तीस. जिममध्ये बत्तीस डिप्स मारून कुणाचे दंड झालेत का?

इंजिनिअरिंगच्या कुणालाही हे वाचल्यावर एकच सुचेल : मोटर लावा. मला आणि माझ्या पार्टनरलाही तेच सुचलं. मिनी प्रोजेक्टला हातमोजा, बोटांना दोरे, दोऱ्यांना सर्व्हो मोटर, बोटं उघड-मीट उघड-मीट, दिवसाला हजार वेळा. मशीनला कंटाळा येत नाही. सिनॉप्सिस लिहिण्याआधी लायब्ररीत शोधाशोध केली, तर हे आपल्या आधी एमआयटीवाल्यांनी नव्वदच्या दशकातच केलेलं. ‘एमआयटी-मॅनस’ हा त्यांचा रोबो पेशंटचा हात धरून टेबलावर फिरवतो. 2010 मध्ये अमेरिकेतल्या 127 माजी सैनिकांवर त्याची चाचणी झाली. तितकीच आवर्तनं माणसाने करून घेतली तर निकाल जवळपास सारखाच. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये 770 पेशंटवर आणखी मोठी चाचणी झाली, ‘रॅटल्स’. तिथे तर नेहमीच्या उपचारांपेक्षाही रोबोमुळे हाताचा वापर सुधारलेला दिसला नाही. लाखो रुपयांचं यंत्र, उत्तम कंट्रोल सिस्टिम, आणि हाती हे!

आम्ही मॅडमना सर्किट डायग्राम दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “यात बोट कोण उघडणार? आजी की मोटर?”

रोबोटिक्सच्या लोकांना हे माहीत आहे. रोबो मदत करू लागला की पेशंटचा मेंदू हळूहळू स्वतःचा जोर कमी करतो, आपण ग्रुप सबमिशनमध्ये करतो तसंच. म्हणून नवीन कंट्रोलर ‘लागेल तेवढीच मदत’ या तत्त्वावर बनवतात. आमच्या बजेटमध्ये ते बसणारं नव्हतं, म्हणून आम्ही मोटर काढूनच टाकली. उरला तर्जनीवर एक फ्लेक्स सेन्सर, एक आर्डुइनो आणि आकडा दाखवणारा छोटा डिस्प्ले. बोट सरळ झालं की एक वाढतो, बस. त्यातही गंमत झाली. आजीचं बोट उघडताना थरथरतं, त्यामुळे एका उघडण्याला सात-सात आकडे पडायचे. मग श्मिट ट्रिगर आठवला : मोजायची मर्यादा वेगळी, पुन्हा तयार व्हायची वेगळी. व्हायवाला पाठ केलेली ती हिस्टेरेसिसची आकृती एकदाची कामाला आली.

काउंटर होण्याआधी मोजणी तोंडी चालायची, आणि ती एक वेगळीच करमणूक. पन्नासच्या पुढे मी कॉन्व्हेंटच्या सवयीने इंग्रजीत जायचे. आजी मात्र थांबायची, हात अर्धवट उघडा ठेवून, आणि म्हणायची, “फिफ्टी नाइन कुणाला सांगतेस? एकोणसाठ म्हण, मग मिटते.” तेवढा वेळ बोटं ताणलेली राहायची, हे मॅडमना फार आवडायचं.

एका निकालाने मात्र मला खरंच वाईट वाटलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अटेंड’ ही चाचणी आपल्या भारतातली, 14 हॉस्पिटलं आणि 1250 पेशंट. फिजिओथेरपिस्ट कमी, खेडी लांब, तर घरच्यांनाच शिकवलं तर? किती योग्य कल्पना! सहा महिन्यांनी मोजलं, तर मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, 47 टक्के. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि घरी काकू सकाळी पाचला उठून धारा काढून मग आजीचा व्यायाम घेत होती. तिला हा आकडा मी सांगितलेला नाही. सांगणारही नाही, कारण सरासरीतून आमच्या काकूबद्दल काही सिद्ध होत नाही. पण प्रशिक्षित माणसाची जागा घरचे सहज भरून काढतील, ही आशा या चाचणीने पूर्ण केली नाही एवढं खरं. आमच्याकडेही मोज्याला बांधायची पट्टी काकूची, पण लसणाची यादी मॅडमची होती. त्या यायच्या बंद झाल्या असत्या तर ती यादी पहिल्या आठवड्यातच संपली असती.

आजीचा हात आता कसा आहे? तव्यावरची भाकरी ती उजव्यानेच उलटते. पण पीठ मळताना परात डाव्या हाताने दाबून धरते, जे मागच्या दिवाळीला होत नव्हतं. लुगड्याच्या निऱ्या अजून काकू घालते. टाळ वाजतो, जरा मागे पडतो. करंगळी उघडत नाही, आणि ती उघडेल असं मॅडमही म्हणत नाहीत.

गेल्या रविवारी फोनवर आजीने सांगितलं, “आज दोनशे चौदा.” काकूने मागून ओरडून सांगितलं की त्यातले चाळीस उजव्या हाताने बोट ओढून केलेले आहेत. सेन्सरला बोट कुणी उघडलं ते कळत नाही हे आजीने बरोबर ओळखलंय. पुढच्या सेमिस्टरला उजव्या मोज्यातही एक सेन्सर बसवायचा विचार आहे.