कोराडीची चुनरी

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात आणि कोराडी येते. वीजनिर्मिती इथे १९७४ मध्ये सुरू झाली. महालक्ष्मी जगदंबेचं ठाणं त्याहून कितीतरी जुनं. देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तिच्या ओटीबरोबर वाहायची लाल चुनरी मात्र उलटसुलट करून बघावी. ठिपके बांधणीचे, पण बहुधा छापील. सगळे एका मापाचे आणि कापड सपाट. खऱ्या बांधणीत चिमटीभर कापड उचलून त्याला दोरा आवळतात. रंगवून दोरा सोडला की ठिपका उरतो, शिवाय त्याच्याभोवती बारीक चुण्याही.

या चुण्या खुलतात त्या रेशमावर. जपानात क्योतोचे कारागीर किमोनोच्या रेशमावर असाच एकेक ठिपका बांधतात. अंगभर ठिपक्यांच्या किमोनोला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. ही चैन इतकी वाढली, की १६८३ मध्ये तिथल्या सरकारने तिच्यावर बंदी घातली. पण शिबोरी, म्हणजे ही जपानी बांधणी, केवळ श्रीमंतांच्या जिवावर जगली नाही. नागोयाजवळचं आरिमात्सु गाव १६०८ मध्ये तोकाइदो महामार्गावर वसलं आणि बांधून रंगवलेले सुती पंचे वाटसरूंना विकून नावारूपाला आलं. वर्दळीचा रस्ता कलेला पोसू शकतो, याचा हा पुरावा. मग यात्रेकरूंचा रस्ता का पोसणार नाही?

कोणी म्हणेल, बांधणी कच्छ-जामनगरची, विदर्भाचा तिच्याशी काय संबंध? पण आरिमात्सुनेही ही कला बुंगो प्रांतातून आलेल्या लोकांकडून उचलली, असं मानतात. आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या वस्त्रांवर बांधणीसारखे ठिपके आहेतच. कापडही दूर नाही. भंडारा जिल्ह्यात आंधळगाव-मोहाडीकडे टसर रेशीम विणलं जातं. दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो खरा आहे. साध्या भाविकाला रेशमी चुनरी परवडणार नाही, आणि देवी भावाची भुकेली, तेव्हा छापील चुनरीत कमीपणा नाही. मात्र नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, तरी कोष्ट्यांचे माग एका दिवसात थांबले नाहीत. हातकाम ओळखून त्याचे जास्त पैसे मोजणारी गिऱ्हाइकं होती. आरिमात्सुप्रमाणे सुती बांधणीपासून सुरुवात करता येईल, टसर हौशी गिऱ्हाइकासाठी. देवस्थानाने आणि दुकानदारांनी एवढंच करावं: छापील चुनरी छापील म्हणून विकावी आणि शेजारी हाताने बांधलेली ठेवावी. निवड भाविक करतील.