बटणावरचा बंपर

बंपर हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो लॉटरीच्या तिकिटावर. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 साली सुरू झाली आणि आमच्या वडिलांनी पुढे कित्येक वर्षं दर दिवाळीला एक बंपर तिकीट काढून ते देवघरात गणपतीच्या पाटाखाली ठेवलं. गणपतीने त्याकडे कधीही वळून पाहिलं नाही. दुसरा बंपर पिकाचा. आमच्या डहाणू-घोलवडकडे चिकू उदंड आला की वर्तमानपत्रं 'बंपर पीक' म्हणून आनंद व्यक्त करतात आणि बागायतदार कपाळाला हात लावतो, कारण भाव पडलेला असतो. तिसरा बंपर मोटारीचा. तिघांतही उपयोगापेक्षा दर्शनी थाट जास्त.

मोटारीच्या बाबतीत पूर्वी असं नव्हतं हो. फियाट आणि अँबॅसडरला असायचा तो बंपर! पोलादी, वर क्रोमचा मुलामा. त्यात बघून भांग पाडता यायचा आणि लग्नात अख्खी वरात त्याच्यावर आळीपाळीने बसून फोटो काढून घ्यायची. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा ज्यांनी हळहळ व्यक्त केली त्यांपैकी निम्मे तरी त्या बंपरसाठीच हळहळले असणार. आताचा बंपर प्लॅस्टिकचा. म्हणजे न्हाणीघरातल्या बादलीचा चुलतभाऊ. खरं तर तो बंपर नव्हेच, बंपरचं झाकण. धक्का खाणारा पोलादी आडवा पट्टा असलाच तर त्याच्या आत असतो. बाहेरचा नुसता चेहरा. विमेवाल्यांना हे बरोबर ठाऊक आहे. साध्या विम्यात भरपाई देताना प्लॅस्टिकच्या वस्तूंवर ते सरळ पन्नास टक्के घसारा कापतात, मग गाडी काल घेतलेली का असेना. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. एका रात्रीत निम्मी होणारी मालमत्ता मला कॉलेजात कोणी शिकवली नव्हती.

तर असा हा चेहरा माझ्या भाच्याला बटणांवर बसवायचा होता.

गाडी भावोजींची. 2004 सालची झेन. नंबर एमएच-04, म्हणजे ठाण्याचा. पुढे 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा निघाला, पण गाडी ठाणेकरच राहिली. भावोजी जुन्या धोतराच्या फडक्याने तिला रोज पुसायचे. 2019 साली पंधरा वर्षं पुरी होऊन तिची पुन्हा नोंदणी झाली, तेव्हा त्यांनी घरी पेढे वाटले होते. भावोजी गेल्यावर गाडी भाच्याकडे आली आणि तिचे दिवस पालटले. आधी ती दोन इंच खाली बसली. मग टायर रुंद झाले. मग सायलेन्सर असा आला, की भाचा कॉलेजातून निघाला हे ताईला भात टाकायला पुरेसं आधी कळायचं.

"मामा, आता क्विक रिलीज बसवतोय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बंपर पटकन सुटतो."

"अरे, पण इतकी वर्षं न सुटता राहिलाय, तेच चांगलं नाही का?" ताई आतून म्हणाली. या विषयावरचं इतकं तर्कशुद्ध विधान मी नंतरही ऐकलं नाही.

पण पोराचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. साध्या गाडीचा पुढचा बंपर काढायचा म्हणजे बॉनेटखालचे बोल्ट, चाकांच्या कमानीतले स्क्रू आणि खालच्या अंगाला प्लॅस्टिकच्या खुंट्या. या खुंट्या निघताना तुटतात आणि बसवताना कमी भरतात. क्विक रिलीजमध्ये दोन्ही कोपऱ्यांना बटणांच्या जोड्या असतात. एक भाग बंपरमध्ये, दुसरा मडगार्डमध्ये. दाबलं की टक, ओढलं की सुटलं. कल्पना मूळची विमानांची. 1930 च्या सुमारास अमेरिकेत विल्यम झूस नावाच्या गृहस्थाने पाव वळशात उघडणारा आणि हरवून न जाणारा स्क्रू काढला. इंजिनावरची झाकणं झटपट उघडावीत हा हेतू. तिथून तो शर्यतीच्या गाड्यांत आला, कारण शर्यत चालू असताना रेडिएटर गाठायला मिनिटं मोजावी लागतात. भाच्याची शर्यत डहाणू स्टेशन ते आशागड एवढीच असते आणि तीही बहुधा एसटी जिंकते. पण तयारी असावी माणसाची.

मी कायदा काढला. बँकेतला माणूस दुसरं काय काढणार? डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाडीपुढच्या लोखंडी गार्डांविरुद्ध राज्यांना पत्र पाठवलं, कारण त्यांनी पायी चालणाऱ्याला आणि आत बसलेल्याला, दोघांनाही धोका. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कारखान्याने ठरवलेलं मूळ रूप मालकाने बदलू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम 52.

"पण मामा, बंपर तोच आहे. फक्त बटणं नवी."

"असं म्हणणारे लोक माझ्या काउंटरवर येतात," मी म्हणालो. "सही तीच आहे, फक्त माणूस नवा."

शेवटी तह झाला. सायलेन्सर मूळचा बसवायचा, आतल्या पोलादी पट्ट्याला हात लावायचा नाही आणि मधले बोल्ट होते तसे ठेवायचे. (माझ्या मते त्या सायलेन्सरपुढे बंपरचा गुन्हा म्हणजे गल्लीतलं क्रिकेट.) ताई मात्र कायद्यावर बोलत नव्हती. तिचा मुद्दा वेगळाच होता. "ह्यांच्या गाडीला भोकं पाडणार?" एवढंच ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली. भाचा माझ्याकडे बघत राहिला. मी भाजीकडे.

अखेर तिनेच तोड काढली. भाच्याचा मिस्त्री होता विवळवेढ्याला, हायवेवर. चारोटी नाक्यावरून अहमदाबादच्या अंगाला थोडं पुढे गेलं की महालक्ष्मीचं मंदिर लागतं, तिथून जवळच. ताई म्हणाली, "मी येते. आधी देवीचं दर्शन, मग भोकं." चैत्र पौर्णिमेला इथे यात्रा सुरू होते ती पंधरा दिवस चालते आणि आदिवासी पाड्यांतून माणसांचा पूर लोटतो. देवीचं मूळ ठाणं वर गडावर. एका गरोदर भक्तिणीला चढ सोसेना म्हणून देवी पायथ्याशी आली, अशी इथली कथा आहे. आम्ही गेलो तो यात्रा नसलेला रविवार, तरी नव्या गाड्यांची पूजेला रांग होतीच. वाटेत चारोटीला ताई गप्प झाली. इथेच जवळ, सूर्या नदीच्या पुलावर, 4 सप्टेंबर 2022 ला सायरस मिस्त्रींच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. लाखांत मोजायची गाडी होती ती. ताईने न बोलता मागच्या सीटवरचा आपला पट्टा चाचपला. मग माझा.

मिस्त्री वयस्कर होता आणि त्याला घाई नव्हती. ज्याच्या हातात ड्रिल आहे त्याला घाई नसावी, हे मला फार आवडलं. त्याने आधी कागदी पट्टी चिकटवली, तीवर खुणा केल्या, दोन्ही बाजू फुटपट्टीने ताडून पाहिल्या. "दोरा-दोन दोरे इकडेतिकडे झालं ना शेठ, की गाडी एका गालात हसते." आधी बारीक भोक, मग मोठं. मग कडा कानशीने घासून त्यांना प्रायमर, कारण डहाणूची खारी हवा उघड्या पत्र्याची वाटच बघत असते. धुक्याच्या दिव्यांच्या वायरीला वेगळा प्लग. "नाहीतर बंपर हातात आणि दिवे गाडीत लोंबतील."

डावा कोपरा सोडवताना तो थांबला. "ही तार कोणी मारली?"

आम्ही वाकलो. आतल्या बाजूला, बाहेरून कोणाला दिसू नये अशी, तांब्याची तार होती. तुटलेल्या खुंटीच्या जागी पाच पदरी पीळ, टोक वळवून आत दाबलेलं आणि वर बंपरच्या रंगाचा हात दिलेला.

"बाबांनी असेल," भाचा म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं.

"पंधरा-वीस वर्षांचं काम आहे. नंबरी." मिस्त्रीने तार सोडवली नाही. "ही राहू दे. बटण हायवेवर सुटलं तर बंपर मागच्या गाडीखाली जातो. दुसरा आधार पाहिजेच. ह्या बाजूला आहेच, त्या बाजूला मी घालतो." थोडा पदर सोडून त्याने तीच तार मागच्या ब्रॅकेटला अडकवली. उजवीकडची नवी तार भाच्याने स्वतः पिळली. तीनदा पिळली. तिसऱ्यांदा ताई म्हणाली, "आता बरी झाली."

नवं काम देवीला दाखवायला गाडी पुन्हा मंदिरापाशी नेली. पुजाऱ्याने कुंकू लावलं, झेंडूची माळ बंपरवर चढवली. आम्ही नारळ फोडेपर्यंत एक बकरी आली आणि तिने माळेचं एक टोक तोंडात धरून मागे जोर केला. टक! उजवा कोपरा सुटला. भाचा ओरडला, मी बकरीला कायदा सांगू लागलो. बंपर पडला नाही, तारेवर लोंबकळला.

ताई पुढे झाली. तिने माळेचं दुसरं टोक बकरीला देऊन टाकलं, पदर खोचला आणि कोपरा तळहाताने दाबला. टक.

मग तिने तो पुन्हा ओढून काढला. पुन्हा दाबला. डावीकडेही जाऊन दाबून पाहिला.

"काय रे," ती भाच्याला म्हणाली, "ही बटणं आपल्या मिक्सरच्या झाकणाला बसतील का?"