नव्या गाडीची ओळख: पेण ते रोहा

नव्या मोटारगाडीतल्या सोयी दोन वाटांनी येतात. काही कायद्याने येतात, काही गाडीच्या किमतीबरोबर वाढत जातात. भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी गाड्यांत चालकासाठी एअरबॅग, पुढच्या सीटवरच्यांना पट्टा लावण्याची आठवण करून देणारा इशारा, वेगाचा इशारा आणि गाडी मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. चाक लॉक होऊ न देणारी एबीएस ब्रेकप्रणाली त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सगळ्या नव्या गाड्यांत आली. टचस्क्रीन, आपोआप चालणारे वायपर, चढावर गाडी धरून ठेवणारी यंत्रणा, टायरमधली हवा दाखवणारा आकडा या गोष्टी मात्र व्हेरिएंटप्रमाणे बदलतात. एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या तरी एकीत असलेले बटण दुसरीत नसते. नव्या गाडीबद्दल होणारे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

रायगड जिल्ह्याचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय पेणला आहे. एमएच ०६ ही त्याची ओळख. पेण-रोह्याकडच्या नव्या गाडीवर हीच पाटी लागते. गाडी ताब्यात देताना शोरूममधला माणूस हार, पेढे, फोटो आणि कागदपत्रांच्या गडबडीत सोयी भराभर दाखवतो: फोन असा जोडायचा, डिकी अशी उघडायची, पेट्रोलचे झाकण इथून. ते ऐकायला घरातली सगळी मंडळी गोळा झालेली असतात आणि लक्षात कुणाच्याच फारसे राहत नाही. प्रस्तुत लेखकाची गाडी पावसाळ्याच्या तोंडावर पेणला आली. तिची खरी ओळख झाली ती पेण, वडखळ, नागोठणे आणि रोहा या चाळीस-एक किलोमीटरच्या वाटेवर. जी सोय जिथे लागली, तिथे ती समजली.

पहिला आधार गाडीबरोबर येणाऱ्या मॅन्युअलचा. बहुतेक घरांत ते ग्लव्हबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच राहते, आणि हे फार वाईट आहे. ते सगळ्या व्हेरिएंटसाठी मिळून छापलेले असते, त्यामुळे त्यात आपल्या गाडीत नसलेल्याही गोष्टी सापडतात. पहिल्यांदा वाचताना आपल्या गाडीला लागू नसलेल्या मजकुरावर पेन्सिलने फुली मारली की उरलेले पुस्तक बरेच लहान होते. त्यातही आधी डॅशबोर्डवरच्या दिव्यांचे पान वाचावे. लाल दिवा म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवून बघण्याची गोष्ट: ऑइलचा दाब, इंजिनची उष्णता, ब्रेक, बॅटरीचे चार्जिंग. पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासून घेण्याची गोष्ट. हिरवा आणि निळा फक्त काय चालू आहे ते सांगतात. काही गाड्यांत सकाळी इंजिन थंड असताना निळा थर्मामीटर दिसतो आणि थोड्या अंतरावर मावळतो. त्यात बिघाड काही नसतो.

मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. पेण आणि नागोठणे याच टप्प्यावर येतात. चौपदरी मोकळ्या पट्ट्यावर गाडी ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेली की आतून इशारा वाजू लागतो, १२० च्या पुढे तो सलग वाजत राहतो. हा इशारा कायद्याने बसवलेला असल्यामुळे तो बंद करण्याचे बटण शोधण्यात अर्थ नाही. तो बंद करून देणारे कुणी भेटले तरी तसे करून घेऊ नये. पुढे रस्ता एकदम अरुंद होतो, वळण येते, दुचाकी उलट्या बाजूने येते, आणि तो आवाज आधीच वेग उतरवून ठेवतो.

पट्ट्याच्या इशाऱ्याची पेणची स्वतःची एक गोष्ट आहे. गणेशोत्सवाच्या आधीचे आठवडे पेणच्या गणपती कारखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. मुंबई, ठाणे, पुण्याहून लोक आपापल्या गाड्यांतून मूर्ती न्यायला येतात. घरगुती मूर्ती बऱ्याचदा पुढच्या सीटवर ठेवली जाते, आणि गाडी हलताच पट्ट्याचा इशारा वाजायला लागतो. सीटखालच्या सेन्सरला वजन कळते, ते कुणाचे हे कळत नाही. शाडूची मूर्ती पाटासकट चांगली जड भरते. मग कुणी आवाज वाढवून भजन लावतो, कुणी पट्टा मूर्तीच्या मागून नुसताच अडकवतो. मूर्तीसाठी योग्य जागा दुसरी आहे: मागच्या सीटच्या पुढे, जमिनीवर, खाली जाड चादर आणि दोन्ही बाजूंनी उशा. तिथे ब्रेक लागला तरी मूर्ती पुढे घसरायला जागा राहत नाही, पुढची एअरबॅग तिच्यासमोर येत नाही, आणि सेन्सरही गप्प राहतो. डिकीत सामान आणि मागे माणसे असली की गाडीचा मागचा भाग बसतो आणि हेडलाइट वर उचलले जातात. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती बऱ्याच गाड्यांत असते. ती दिव्यांचा झोत खाली करण्यासाठी आहे. पेण-खोपोली रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये म्हणून भरल्या गाडीत ती फिरवावी. अनेक मालकांना गाडी विकेपर्यंत ही चकती कशासाठी आहे ते ठाऊक नसते.

नागोठण्याहून रोह्याकडे वळल्यावर भिसे खिंड लागते. पुढे मालाने भरलेला ट्रक चढावर थांबला की मागच्याला चढावरच थांबून पुन्हा निघावे लागते. ब्रेकवरचा पाय काढून अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे सरकू नये म्हणून काही गाड्यांत हिल-होल्ड असते. ती ब्रेक दोन-तीन सेकंद धरून ठेवते आणि नंतर सोडते. हे सेकंद फार महत्त्वाचे आहेत. ज्याला ही सोय म्हणजे हँडब्रेक वाटतो, तो निवांत बसून राहतो आणि गाडी मागे येते. ऑटो-होल्ड ही वेगळी सोय आहे. तिचे बटण चालू केले की गाडी थांबल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबेपर्यंत ब्रेक लागलेला राहतो. वडखळला अलिबागकडे वळणाऱ्या गाड्यांच्या रांगेत ती उपयोगी पडते. नावे सारखी वाटतात म्हणून दोन्हींची आधी मोकळ्या सपाट जागेवर आणि मग हलक्या चढावर, मागे कुणी नसताना, परीक्षा घ्यावी. उतारावर मात्र कुठलीही सोय गिअरची जागा घेत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत.

सर्वांत जास्त गोंधळ पावसात समोरच्या काचेचा होतो. प्रस्तुत लेखकाने मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मदत मागितली तीही याच काचेसाठी. जुलैतली संध्याकाळ, झोडपणारा पाऊस, गाडीत चार माणसे, दोन ओल्या छत्र्या, आणि काचेवर धुरकट पडदा. उत्तरे भराभर आली आणि एकमेकांविरुद्ध आली. एसी जोरात लावा, एसी बंद करा, हीटर लावा, काचा खाली घ्या. यातले एकही उत्तर खोटे नव्हते. काच दोन बाजूंनी धुरकटते आणि दोन्हींची कारणे उलटी आहेत, म्हणून उत्तरेही उलटी असतात.

श्वास आणि ओले कपडे यांच्यामुळे गाडीतली हवा दमट होते. काच त्या हवेपेक्षा थंड असली की बाष्प आतल्या बाजूला धरते. बोट फिरवले की काच स्वच्छ होते आणि बोट ओले होते. इथे एसी लावायचाच, कारण एसी हवेतले पाणी काढून घेतो. त्याबरोबर आतलीच हवा फिरवत ठेवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची. उत्तरेकडच्या थंडीत काच बाहेरच्या गारठ्याने थंडावते आणि धुके आतून धरते, म्हणून तिकडच्या चालकाला कोमट हवा काचेवर सोडण्याची सवय असते.

कोकणातल्या जुलैत दुसरीच गोष्ट घडते. बाहेरची हवा २६-२७ अंश आणि बाष्पाने भरलेली. ती थोडी थंड झाली तरी पाणी सोडते. आत एसी १८ वर आणि झोत काचेवर असला की काच आतून गार पडते आणि बाष्प बाहेरच्या बाजूला धरते. आतून कितीही पुसले तरी काही होत नाही. वायपर फिरवला की काच क्षणभर लख्ख होते आणि पुन्हा दुधाळ होते. समोरची काच साफ करणारे बटण दाबले तर बऱ्याच गाड्यांत सगळी हवा काचेवर वळते आणि एसीही आपोआप सुरू होतो. तापमान खालीच ठेवलेले असेल तर बाहेरचे धुके आणखी दाटते. मदतीसाठी असलेल्या बटणाने त्रास वाढतो तो असा. यावर उपाय सरळ आहे: एक-दोन वेळा वायपर, झोत काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे, आणि तापमान २५-२६ पर्यंत वर. काच बाहेरच्या हवेइतकी उबदार झाली की धुके धरत नाही. काच बाहेरून धुरकटते आहे आणि वायपरने तेवढ्यापुरती स्वच्छ होते, एवढी एक ओळ प्रश्नात आल्यावर मंगळूरकडच्या एका मालकाने दोन वाक्यांत हेच लिहिले. किनाऱ्यावरच्या पावसाचे उत्तर किनाऱ्यावरच्या माणसाकडून आले, यात नवल नाही.

ऑनलाइन मदत मागण्याची रीत या एका प्रसंगात सगळी दिसते. प्रश्नात गाडीचे मॉडेल, वर्ष, व्हेरिएंट, इंधन आणि गिअरचा प्रकार हवा. तक्रार कधी होते, इंजिन गार असताना की तापल्यावर, कोणत्या वेगाला, पावसात की उन्हात, दिवा पेटला असल्यास कोणत्या रंगाचा, हे हवे. मॅन्युअलमध्ये काय बघितले तेही लिहावे, म्हणजे उत्तर देणारा तेच पुन्हा सांगत बसत नाही. दिव्याचा फोटो शंभर शब्दांचे काम करतो, मात्र त्यात नंबरप्लेट, आरसी बुक किंवा चॅसी नंबर येऊ देऊ नये. मदतीच्या नावाने कुणी ओटीपी मागितला तर तो मदत करणारा नव्हे.

असल्या प्रश्नांतला एक नेहमीचा: नवी बॅटरी बसवल्यापासून चालकाची काच एका दाबाने पूर्ण वर जात नाही, बटण धरून ठेवावे लागते. काच बिघडलेली नसते. वीज तुटल्यावर वरचा शेवट कुठे आहे हे गाडीच्या स्मरणातून गेलेले असते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरले की ते पुन्हा नोंदले जाते. बॅटरी बदलल्याचा उल्लेख प्रश्नात नसला, तर लोक मोटर बदलायला सांगतात आणि हजारोंचा खर्च उभा राहतो. दुसरा प्रश्न चावीचा. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीच्या चावीतला सेल, बऱ्याचदा सीआर २०३२, संपला की गाडी चावी ओळखत नाही. चावीच्या पोटात लोखंडी किल्ली दडवलेली असते, तिने दार उघडते. मग बहुतेक गाड्यांत चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून दाबले की इंजिन सुरू होते. रोहा स्टेशनबाहेर रात्री उशिरा हे कळण्यापेक्षा घरी अंगणात एकदा करून पाहिलेले बरे.

काही प्रश्न मात्र फोनवर विचारायचेच नसतात. ब्रेक खोल जाणे, स्टिअरिंग जड होणे, एअरबॅगचा दिवा पेटून राहणे, इंजिनखाली तेल पडणे, पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास येणे: इथे गाडी उभी करून माणूस बोलवावा. ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून कान लावून जे कळते, ते कुणालाच लांबून कळत नाही. ग्रुपवरचा अनुभवी माणूस अशा वेळी उपाय लिहीत बसत नाही, तो गाडी चालवू नका असे सांगतो, आणि त्याचे ऐकावे.

टायरमधल्या हवेचा आकडा स्क्रीनवर दिसू लागल्यापासून त्याबद्दलची चौकशी वाढली आहे. किती हवा भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि तो थंड टायरचा असतो. पेणहून रोह्याला पोचेपर्यंत टायर तापून तीन-चार पीएसआय वाढलेले दिसतात. ती वाढ गृहीत धरलेली असते, म्हणून तापल्या टायरमधून हवा काढू नये. स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दाखवणाऱ्या गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो. ज्या गाड्यांत नुसता दिवा पेटतो, त्यांतल्या अनेक चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून अंदाज बांधतात. अशा गाडीत हवा भरल्यावर यंत्रणा मेनूतून किंवा बटणाने रीसेट करावी लागते. ती केली नाही तर हवा बरोबर असूनही दिवा तसाच राहतो. खड्ड्यात चाक जोरात आपटल्यावर एका टायरचा आकडा हळूहळू उतरत असेल, तर रिम वाकली आहे का ते पंक्चरवाल्याला पाण्यात बघायला सांगावे.

महागड्या व्हेरिएंटमध्ये कॅमेरा आणि रडारच्या आधारे लेन सांभाळणारी, समोर अडथळा दिसला तर स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा असते. लेन सांभाळणाऱ्या भागाला रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसावे लागतात. पट्टे पुसलेल्या रस्त्यावर, मुसळधार पावसात किंवा काचेवर चिखल उडाला असताना तो गप्प बसतो आणि तसे डॅशबोर्डवर दाखवतो. पट्टे नव्याने आखलेल्या टप्प्यावर तो जागा होतो आणि इंडिकेटर न देता लेन बदलताना स्टिअरिंगला हलका हिसका देतो. पहिल्यांदा तो जाणवला की चालक घाबरतो. इंडिकेटर दिला की हिसका येत नाही. खड्डा चुकवण्यासाठी सारखे आजूबाजूला व्हावे लागणाऱ्या रस्त्यावर हा भाग स्टिअरिंगवरच्या बटणातून किंवा मेनूतून तेवढ्यापुरता बंद करता येतो. आपोआप ब्रेक लावणारा भाग मात्र बंद करू नये. काही गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केले की लेनचा भाग आपसूक चालू झालेला असतो, काहींत आधी ठेवला तसाच राहतो. आपल्या गाडीत यांतले काय होते ते मॅन्युअलमध्ये चालक-साहाय्याच्या प्रकरणात दिलेले असते.