मानेवरची विरळ लव

ससा सहसा ओरडत नाही. कुत्रं विव्हळतं, मांजर फिस्कारतं, गाय हंबरून आपलं दुखणं गोठ्याबाहेर पोचवते. ससा शिकार होणाऱ्यांच्या कुळातला. रानात दुखणं दाखवणं म्हणजे मरण ओढवून घेणं. म्हणून सोफ्याखाली सुरक्षित बसलेला ससाही ते लपवतो. जे तो लपवू शकत नाही ते कातडीवर उमटतं, आणि ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं.

आमच्या शेवरीच्या मानेमागे हात फिरवताना बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. लव बाजूला केली तर खाली पांढरा कोंडा, मधे विरळ झालेला पट्टा. ऋतू पालटताना सशांची लव झडतेच, पण तेव्हा खालची कातडी स्वच्छ असते. पशुवैद्यांनी बारीक फणीने कोंडा काळ्या कागदावर झाडला आणि भिंग माझ्या हातात दिलं. त्यातले काही कण चालत होते. कायलेटिएला नावाचा हा किडा लवेत राहतो आणि आपली अंडी केसांना चिकटवतो. शेवरीला उचलून घेतल्यावर माझ्या हातावर उठणारे लाल पुरळ त्याचेच होते.

सशाची लव कुठून गेली, हे फार बोलकं असतं. कानात खपल्यांचे थर साचले तर किडा निराळा. हनुवटीखालची पोळी सतत ओली राहून केस गेले तर आधी दात बघायचे, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात आणि वाकडे वाढले की लाळ गळते. मागच्या पावलांखालची लव झिजली तर बहुधा दोष पिंजऱ्याच्या तारेच्या तळाचा. गोल, खवलेदार चट्टे गजकर्णाचे असू शकतात. ते माणसांनाही होतं, म्हणून घरातल्या लहान मुलांनी दूर राहावं. आणि कधीकधी लव जाणं हा आजारच नसतो. मादी छातीची, पोटाची मऊ लव स्वतःच उपटते, तोंडात गवत भरून कोपऱ्यात नेते, त्यावर लव अंथरते. पोटात पिल्लू नसतानाही हे घडतं. खोट्या गर्भारपणातली ती लगबग पाहून माझा जीव गलबलतो. तिथे औषध काय लावणार? तिला तिचं घरटं काही दिवस राहू द्यावं, एवढंच मला वाटतं.

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. कडुनिंबाचं तेल लावा, हळद-खोबरेल चोळा, जंतुनाशकाच्या पाण्याने आंघोळ घाला. हेतू चांगलाच असतो, पण ससा दिवसभर स्वतःला चाटतो. लावलेलं सगळं पोटात जातं, आणि त्याला उलटी करता येत नाही. आंघोळ तर नकोच. भीतीने तो हादरतो, दाट लव लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब जाते.

शेवरीचं वजन करून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं. अंडी त्याने मरत नाहीत. ती फुटून नवे किडे निघतात, म्हणून ते ठरावीक अंतराने पुन्हा द्यावं लागलं. पिंजऱ्यातलं गवत, गोणपाट सगळं बदललं. तिच्या जोडीच्या सशाच्या अंगावर काही दिसत नव्हतं, तरी त्यालाही औषध दिलं. कोंडा आधी गेला. लव मागाहून, सावकाश आली. अंग जड झालेला किंवा दात दुखणारा ससा स्वतःला नीट साफ करू शकत नाही आणि तिथे किडे माजतात, म्हणून वजन आणि दात ताब्यात राहावेत यासाठी आता तिच्यापुढे मुख्यतः सुकं गवतच असतं.

घरात ससा असेल तर रोज त्याच्या लवेत उलट्या दिशेने बोटं फिरवा. कोंडा किंवा उघडी कातडी लागली तर सशांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा. आणि कुत्र्या-मांजरांच्या गोचीड-पिसवांवरचं फिप्रोनिलचं औषध सशाला कधीही लावू नका. त्याने ससे मरतात.