ऑस्टेनबाईंचे दर्यावर्दी बंधु

जेन ऑस्टेनबाईंच्या कादंबऱ्या आम्हीं पुष्कळ वेळां वाचल्या. पण त्यांच्या घराण्याची हकीकत वाचतांना मन गुंतलें तें त्यांच्या दोघां आरमारी भावांत. वडील हँपशायर परगण्यांतील स्टीव्हंटनचे पाद्री. कुलीनता होती, पैका बेताचा. म्हणून फ्रान्सिस बाराव्या वर्षींच पोर्ट्समथच्या आरमारी शाळेंत गेला, व पांच वर्षांनीं धाकटा चार्ल्सहि. १८०१ सालीं शत्रूचें जहाज पकडल्याबद्दल चार्ल्सच्या वांट्याला तीस पौंड आले. त्यांतून त्यानें दोघी बहिणींसाठीं सोन्याच्या सांखळ्या व पुष्कराजाचे क्रूस घेतले. त्या देशांत भाऊबीज नाहीं असें कोण म्हणेल?

फ्रान्सिसची ट्रफाल्गारची लढाई हुकली. नेल्सननें त्याचें जहाज पाणी व शिधासामुग्री आणण्यास जिब्राल्टरकडे धाडलें होतें. चार्ल्स १८५२ सालीं ब्रह्मदेशच्या युद्धांत इरावतीवर पटकीनें वारला. फ्रान्सिस मात्र आरमाराच्या सर्वोच्च पदास पोंचून एक्क्याण्णव वर्षें जगला. बहिणीचीं पत्रें त्यानें जन्मभर जपलीं. १८६५ सालीं तो जातांच त्याच्या मुलीनें कोणासहि न विचारतां तीं नष्ट केलीं!

आम्हांस तिचा फार राग येतो. पण घरचें घरांत राहावें, हीहि मायाच असेल. आमच्या आजोबांच्या पत्रांचें बासन माळ्यावर आहे. त्याची गांठ आम्हीं अद्याप सोडलेली नाहीं.