टाचणाआधीच्या गप्पा

डी.एल.एड.च्या मुली सरावासाठी पहिलीच्या वर्गावर येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत सगळं तयार असतं. पाठ टाचण, कार्डशीटची फुलं, चित्रपट्ट्या, मार्गदर्शकांच्या शेऱ्यासाठी आखलेला रकाना. मी त्यांना सांगते, पिशवी कपाटात ठेवा आणि सतरंजीवर मुलांमध्ये जाऊन बसा. पहिले काही दिवस एवढंच काम. मुलं काय बोलतात ते ऐकायचं आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. "मॅडम, पण पाठ कधी घ्यायचा?" असं प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच. त्यांचं बरोबर आहे. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात सरावाचे गुण त्यांना पाठ घेण्याचेच मिळतात.

पण रायगड जिल्ह्यातल्या धाटावच्या आसपासच्या शाळांत, पहिलीच्या वर्गात या ऐकण्यावाचून पुढे जाताच येत नाही. एमआयडीसीमुळे इथे एकाच सतरंजीवर चार घरांच्या चार बोली बसलेल्या असतात. कुणाचे वडील रसायनाच्या कंपनीत पाळीवर जाणारे, घरी भोजपुरी. कुणी गावातलं आगरी, कुणी कुणबी. आणि वाडीवरून आलेली कातकरी मुलं, ज्यांची घरची बोली बालभारतीच्या पुस्तकापासून सगळ्यांत लांब. मूल वाचायला लागतं ते आधीच येत असलेल्या भाषेच्या जोरावर. अक्षराचा आवाज जुळवून शब्द उच्चारला, तरी तो शब्द त्यानं कधी ऐकलेला नसेल तर वाचन तिथेच थांबतं. म्हणून पहिलीच्या बाईला बाराखडी शिकवण्याआधी मुलाशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, आणि ही शिकावी लागणारी विद्या आहे. स्वभावाने बडबड्या असलेल्या मुलींनाही ती आपोआप येत नाही.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि आमच्याकडे तेच दिवस वलगणीचे. पहिल्या जोरदार पावसात मासे अंडी घालायला कुंडलिका नदीतून, ओढ्यांतून उलटे चढत शेतांत येतात आणि लोक रात्री ते धरायला जातात. एका छात्राध्यापिकेचा पाठ होता 'पाऊस'. छत्रीचं चित्र, बेडूक, कागदाची होडी. तिनं विचारलं, "पाऊस आला की आपण काय घेतो?" वर्ग एका सुरात ओरडला, "छत्री!" वाडीवरचा एक मुलगा गप्प होता. शाळा सुरू झाल्यापासून तो गप्पच होता. तिच्या वहीत मात्र आदल्या दिवशीची नोंद होती की मधल्या सुट्टीत तो भावाला माशाचं काहीतरी सांगत होता. तिनं चित्र बाजूला ठेवून त्याला विचारलं, "रात्री पाण्यात मासा दिसतो कसा रे?"

तो उठून उभाच राहिला. बॅटरी कशी धरायची, पाय न वाजवता कसं चालायचं, बांधाच्या तोंडाशी कुणी थांबायचं, सगळं हातांनी करून दाखवलं. कातकरीत बोलला, मध्येच मराठीत आला, परत कातकरीत गेला. मागच्या बाकड्याजवळचा भोजपुरी बोलणारा पोरगा गुडघ्यांवर येऊन ऐकत होता. मग तिनं त्याचंच एक वाक्य, त्यानं म्हटलं तसं, फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली बोट फिरवत वाचलं. तो फळ्यापर्यंत गेला आणि 'मासा' या शब्दावर त्यानं हात ठेवला.

दोन प्रश्नांमधला फरक मला या मुलींना दाखवायचा असतो. छत्रीच्या प्रश्नाचं उत्तर विचारणारीला ठाऊक होतं, मुलांनाही ते ठाऊक होतं. माशाच्या प्रश्नाचं उत्तर तिला खरोखरच हवं होतं. मुलाला हे लगेच कळतं. फळ्यावरचं वाक्य बोलीत लिहायचं की शुद्ध करून, यावर दरवर्षी वाद होतो. माझं मत पक्कं आहे: पहिल्यांदा मुलाचं वाक्य मुलाच्याच बोलीत. पुस्तकातली मराठी दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी लिहावी, ते पुसून त्या जागी नव्हे.

यात नवीन काही नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला आणि 1945 मध्ये ताराबाई बोर्डी या खेड्यात आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी कुरणशाळा काढली, गुरं राखणाऱ्या मुलांच्या वेळेनं आणि त्यांच्या जागेवर. आमच्या अध्यापक विद्यालयांत ही नावं परीक्षेत चार गुणांच्या टिपेला येतात. माझ्या मते ती कार्यपद्धती म्हणून शिकवायला हवीत: आधी मूल कुठे आहे ते पाहायचं, मग साधन ठरवायचं.

आणखी एक गोष्ट मला सलते. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, पहिली शिक्षण विभागाकडे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, पण प्रशिक्षणं अजून वेगवेगळी होतात. अंगणवाडीच्या सेविकाताईंना पहिलीत येणाऱ्या मुलाबद्दल तीन वर्षांचं माहीत असतं. आमच्या छात्राध्यापिकेला त्यांच्याशी बोलायला कुणी सांगितलेलं नसतं. मी सांगते. एक दुपार ताईंकडे बसा, नुसतं विचारा: कोण कुणाबरोबर खेळायचं, कोण कशावर हसायचं.

दिवाळीनंतर वाडीवरची बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. मुलंही जातात. त्याआधी आम्ही प्रत्येकाच्या वाक्यांची छोटी वही शिवून देतो आणि तिची नक्कल शाळेत ठेवतो. जूनमध्ये येणाऱ्या नव्या तुकडीला मी टाचणाच्या आधी या नकला वाचायला देते. सरावपाठाच्या गुणतक्त्यात या ऐकण्याला जागा नाही. ती करून घ्यावी म्हणून मी दरवर्षीच्या बैठकीत मागणी मांडते, यंदाही मांडणार आहे.