किट्टांतील जुळीं भावंडें

मंडूर म्हणजे लोखंडाचें जुनें किट्ट. तें शंभर वर्षांचें झालें म्हणजे औषधास उत्तम, असें आपले वैद्य मानीत आले आहेत. भट्टींतून टाकून दिलेल्या मळासही काळ गुण आणतो, ही कल्पना म्हणून वाचकांस नवी वाटूं नये. तिचें एक विलक्षण उदाहरण ग्रीस देशांत पाहावयास मिळतें.

अथेन्सच्या आग्नेयेस समुद्रकांठीं लॉरिऑन येथें रुप्याच्या व शिशाच्या खाणी होत्या. इ. स. पूर्वीं 483 च्या सुमारास तेथें लागलेल्या विपुल रुप्यावर अथेन्सनें आरमार उभारिलें, आणि इ. स. पूर्वीं 480 मध्यें सलामिस येथें इराणी आरमाराचा पराभव केला. रुपें खर्चून गेलें. शिशाचा अंश असलेलें किट्ट समुद्रांत पडून राहिलें. आम्ही तारोडीचे रहिवासी. भाईंदरचीं मिठागरें आमच्या शेजारचीं. खारें पाणी धातूचें काय करतें, हें आमच्या खिडक्यांचे गजच सांगतील. लॉरिऑन येथें त्याच पाण्यांतील क्लोरीन शतकानुशतकें किट्टाच्या पोकळ्यांतील शिशाशीं संयोग पावत राहिला व तेथें नाजूक, वर्णहीन स्फटिक उगवले. 1887 मध्यें त्यांतील एकास लॉरिओनाइट हें नांव मिळालें. 1899 मध्यें हर्बर्ट स्मिथ यांनीं पॅरालॉरिओनाइट हें दुसरें खनिज वेगळें काढिलें.

हें वेगळें काढणें सोपें नव्हतें. दोहोंत शिसें, क्लोरीन, प्राणवायु व हायड्रोजन हेच घटक, तेही त्याच प्रमाणांत! आपल्या नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर, केवळ घटकांवरून केलेलें लॉरिओनाइटाचें लक्षण अतिव्याप्त ठरतें. तें भावंडासही लागू पडतें. भेद आहे तो अणूंच्या मांडणींत. पहिल्याच्या स्फटिकाचे तिन्ही अक्ष परस्परांशीं काटकोन करितात. दुसऱ्याचा एक अक्ष कललेला असतो. त्यांतही दुसऱ्याचे स्फटिक बहुधा जोडीनें वाढतात, आणि ती जोडी वरून पहिल्यासारखीच सरळ दिसते. मात्र त्याची बारीक कांडी न मोडतां वांकते. ध्रुवित प्रकाशांत सूक्ष्मदर्शकाखालीं तिचा कल उघड होतो. आज क्ष-किरणांनीं अणूंची मांडणीच तपासून निश्चय करितां येतो.

मी आयुष्यभर मुलांच्या गुणांच्या बेरजा केल्या. दोन मुलांची बेरीज एक आली कीं पालक त्यांस एकाच मापाचे समजत. प्रत्यक्षांत एकास रागें भरलें तर तो वांकून पुन्हां उभा राही. दुसरा तेवढ्यानें मोडून जाई. बेरीज खोटी नव्हती. पण मुलाची ओळख पटविण्यास ती अपुरी होती. आतां नातवांचीं प्रगतिपुस्तकें हातीं येतात, तेव्हां मी अंक वाचतों, आणि मग पुस्तक मिटून नातवाकडे पाहतों.